दुखणं बाईचं, पाला बाईचा; मग ज्ञान कुणाचं?

(पिंपळगाव राजा, ता. खामगाव, जि. बुलढाणा इथं भरलेल्या महिला आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संक्षिप्त केलं आहे.)



सकाळच्या गटचर्चेत आपण एकच प्रश्न घेतला होता. गेल्या वर्षभरात अंगाला कुठे सूज आली, कुठे ठणका लागला आणि त्यावर तुम्ही पहिल्यांदा काय केलं? उत्तरं लिहिता लिहिता फळ्यावरची जागा संपली. निर्गुडीचा पाला, हळद, आंबेहळद, एरंडाचं पान, रुईचं पान, सालईचा डिंक, बिब्बा, गुळवेल, सुंठ, दशमुळाचा काढा. दवाखाना हे उत्तर यादीत फार खाली आलं. आणि दवाखान्याच्याही आधी एक उत्तर होतं. 'काहीच केलं नाही, कापूस वेचायला गेले.'

मला आज या यादीवर बोलायचं आहे. या यादीकडे बघण्याच्या दोन तऱ्हा आपल्याकडे आहेत. एक म्हणते, जुनं ते सोनं, झाडपाल्यानं कधी अपाय होत नाही, डोळे मिटून घ्या. दुसरी म्हणते, हा सगळा बायांचा अडाणीपणा, सोडून द्या आणि गोळी गिळा. वरवर पाहता ही दोन टोकं वाटतात. पण दोघी बाईला एकच सांगतात, तू प्रश्न विचारू नकोस. आपण मात्र प्रश्न विचारणार आहोत. कुठला पाला, कुठल्या दुखण्यावर, किती दिवस? त्याची परीक्षा कुणी केली? आणि त्यातून पैसा कुणाच्या खिशात जातो?

सूज म्हणजे काय?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, फुगते आणि ठणकते. लाली, धग, सूज, वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. आपल्या आयुर्वेदात तिला शोथ म्हटलं आहे. सूज हा मुळात रोग नाही. शरीर स्वतःच्या रक्षणासाठी त्या जागी रक्त आणि पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या धावपळीची ती खूण असते. काम झालं की सूज उतरते. पण कधी कधी ही धावपळ थांबत नाही. सांध्याची झीज होत राहते, जंतू आत दबा धरून बसतात, नाहीतर शरीराची रक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते. मग सूज महिनोन् महिने राहते. म्हणून औषधाच्या आधी हे कळलं पाहिजे की आपली सूज कुठली आहे.

आता दवाखान्यातल्या गोळीचं मूळ बघा. विलो नावाच्या झाडाची साल ताप आणि ठणक्यावर युरोपात पूर्वापार वापरात होती. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज हा याच कुळातला. १७६३ साली एडवर्ड स्टोन या पाद्र्यानं या सालीचे अनुभव लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले. पुढे सालीतलं द्रव्य वेगळं काढण्यात आलं, त्यावरून बायर कंपनीत १८९७ साली अॅस्पिरिन तयार झालं आणि १८९९ पासून ते बाजारात आलं. ते नेमकं काम कसं करतं हे मात्र १९७१ मध्ये कळलं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती सूज आणि वेदना वाढवतात, आणि अॅस्पिरिन त्यांची निर्मिती रोखतं, असं जॉन व्हेन यांनी दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सांगायचा मुद्दा असा की पाला आणि गोळी एकमेकांच्या वैरिणी नाहीत. फरक आहे तो परीक्षेचा. गोळीत किती द्रव्य आहे, ते कुणाला चालतं, कुणाला नाही, हे मोजलेलं असतं. पाल्याच्या बाबतीत ते बहुतेक वेळा मोजलेलं नसतं.

परीक्षेला उतरलेली झाडं

यादीतल्या काहींची परीक्षा झाली आहे आणि ती आपल्या विदर्भातही झाली आहे. सालईचं उदाहरण घ्या. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे सातपुड्यात सालईची झाडं आहेत. तिच्या डिंकात बोस्वेलिक आम्लं असतात. सूज वाढवणारी जी द्रव्यं शरीरात तयार होतात, त्यांतल्या ल्युकोट्राइन नावाच्या गटाला ही आम्लं आवर घालतात. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर सालईच्या अर्काची चाचणी झाली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आठ आठवडे अर्क दिला, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल. मग अदलाबदल केली. कुणाला काय दिलं हे चाचणी चालू असताना रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. अर्क घेणाऱ्यांची वेदना कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. पण एक्स-रेमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे ठणका कमी झाला, झिजलेला सांधा काही भरून आला नाही. चाचणी लहान होती, तरी सरळ होती. आपल्याला अशी उत्तरं हवी आहेत, ज्यांत काय होतं तेही सांगितलेलं असतं आणि काय होत नाही तेही.

हळदीचं तसंच. तिचा पिवळेपणा ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांत मुख्य आहे कुरकुमिन. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर चार आठवडे एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज दीड ग्रॅम हळदीचा अर्क दिला, काहींना आयबुप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामक गोळी. आराम जवळपास सारखाच पडला आणि पोटाचा त्रास हळदीच्या गटात कमी झाला. पण हा अर्क होता, भाजीतली चिमूटभर हळद नव्हे. साध्या हळदीत शंभर भागांत कुरकुमिन तीनेक भागच असतं आणि तेही आतड्यातून रक्तात फार थोडं शिरतं. बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं तर रक्तात जाणारं कुरकुमिन कितीतरी पटींनी वाढतं. हळदीच्या दुधात मिरपूड टाकणाऱ्या आजीला पायपरिन हा शब्द ठाऊक नव्हता. पण हेही खरं की हळदीवर हजारो प्रयोग होऊनसुद्धा माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या मोजक्याच आहेत. म्हणून 'हळदीनं सगळं बरं होतं' असं कुणी म्हणालं तर तिथं थांबून विचारायचं, कशावरून?

निर्गुडीच्या पाल्याची सूज उतरवण्याची ताकद प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसली आहे. ठेचून, गरम करून मुरगळलेल्या पायावर बांधायला हरकत नाही. त्यात शेकाचाही गुण असतोच.

आणि दशमूळ. चरकसंहितेत सूज उतरवणाऱ्या दहा औषधांचा एक गण सांगितला आहे. बेल, टेंटू, शिवण, पाडळ, अरणी ही पाच मोठी झाडं आणि सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू ही पाच लहान. हेच दशमूळ. बाळंतिणीला आपण जो काढा देतो तो याचाच. इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, मूळ म्हणजे खरोखर झाडाचं मूळ. पाडळीचं किंवा टेंटूचं मूळ खणलं की झाड जातं, आणि बाजाराची मागणी बांधावरच्या एका झाडानं भागत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाळंतपणानंतर ताप आला, अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं, तर ती काढ्याची वेळ नव्हे. तो जंतुसंसर्ग असतो आणि त्यानं बाळंतीण दगावते. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

हळदीचा खटला आणि न लिहिलेलं ज्ञान

आता ज्ञान कुणाचं या प्रश्नाकडे येऊ. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. कशाचं? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं. चुलीवर हात भाजला की हळद दाबणाऱ्या, पोरानं गुडघा फोडून आणला की हळद भरणाऱ्या बायांना हे ऐकून हसू येईल. पण कायद्याच्या कागदावर ते हसण्यासारखं नव्हतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. ३२ लेखी पुरावे सादर झाले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ साली भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. कडुनिंबाची लढाई युरोपात झाली. १९९४ मध्ये दिलेलं बुरशीनाशकाचं पेटंट २००० साली रद्द झालं आणि २००५ मध्ये तो निकाल अपिलातही टिकला. त्या लढ्यात वंदना शिवा होत्या, युरोपियन संसदेतल्या हरित गटाच्या मॅग्डा एल्वूट होत्या.

हे विजय आपले आहेत, त्यांचा आनंद आहेच. पण मला त्यातली एक गोष्ट टोचते. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातलं ज्ञान पुरावा म्हणून धरलं जायचं ते छापील असेल तरच. गावातल्या शंभर आज्या साक्षीला उभ्या राहिल्या असत्या तरी चाललं नसतं. म्हणजे हळद वाचली ती कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. आणि लिहायला कुणाला शिकवलं होतं? ग्रंथ वैद्यांनी लिहिले, लेख डॉक्टरांनी लिहिले. सुईणीनं, जंगलातून डिंक आणणाऱ्या बाईनं, निंदायला जाताना कुठलं रोप उपटायचं नाही हे सुनेला दाखवणाऱ्या सासूनं काहीच लिहिलं नाही. जे लिहिलं नाही ते कुणाचंच नाही, असं जग मानतं. आणि जे कुणाचंच नाही ते उचलायला सगळे मोकळे.

ही उणीव ओळखून आपल्या चळवळीतल्या काहींनी पूर्वीच काम केलं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळ्या राज्यांतल्या कार्यकर्त्या 'शोधिनी' या नावानं एकत्र आल्या. गावोगावच्या जाणत्या बायांकडून स्त्रियांच्या दुखण्यांवरच्या वनस्पतींची माहिती गोळा केली, ती ताडून पाहिली आणि १९९७ मध्ये 'टच मी, टच-मी-नॉट' हे पुस्तक 'काली फॉर विमेन'नं काढलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी तिथल्या बायांचं झाडांशी असलेलं नातं 'गोईण' या पुस्तकात मांडलं. ज्ञान त्या बायांचं आहे हे अशा पुस्तकांमधून कागदावर आलं.

जिथं पाला पुरत नाही

आता ज्या गोष्टी ऐकायला कडू आहेत त्या बोलू.

सूज आणि सांधेदुखी हा जास्त करून बायांचा प्रश्न आहे. आमवात पुरुषांपेक्षा बायांना दोन ते तीन पट जास्त होतो. त्याची खूण अशी की सकाळी उठल्यावर बोटांचे लहान सांधे तासभर आखडलेले राहतात, दोन्ही हातांचे एकदमच सुजतात. यावर पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं टाळता येतं. निर्गुडी बांधून ठणका कमी वाटेल, पण आतलं हाड कुरतडणं थांबणार नाही. म्हणून सहा आठवड्यांहून जास्त काळ बोटं सुजत असतील तर पाला बाजूला ठेवून तपासणी करा.

दुसरी गोष्ट बाजारातल्या पुडीची. मी काम करते त्या भागातल्या एका बाईंची हकिकत सांगते. त्यांचं नाव सांगत नाही, विकणाऱ्याचंही नाही. गुडघे इतके दुखायचे की वावरात बसून निंदण होईना. आठवडी बाजारात जडीबुटीची पुडी मिळाली. दोन दिवसांत बाई चालायला लागल्या, गल्लीतल्या चारजणींनी पुड्या आणल्या. वर्षभरात बाईंचा चेहरा गोल फुगला, वजन वाढलं, साखर वाढली, साधं घसरून पडल्या तर मनगट मोडलं. डॉक्टरांनी लक्षणं पाहून ओळखलं, पुडीत स्टेरॉइड होतं. अशा भेसळीची प्रकरणं देशभर सापडली आहेत. झाडपाल्याच्या नावाखाली स्टेरॉइड नाहीतर वेदनाशामक गोळ्या कुटून घालतात. साधी खूण लक्षात ठेवा. वर्षानुवर्षांचं दुखणं जी पुडी दोन दिवसांत पळवते, जिच्यावर घटक लिहिलेले नाहीत, जिचं बिल मिळत नाही, ती संशयास्पद. पण एक सांभाळा, अशी पुडी बरेच महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची व्यवस्था तोवर थंडावलेली असते, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांच्या सल्ल्यानं कमी करा.

तिसरी, खऱ्या पाल्याचाही अपाय होऊ शकतो. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे झाले. मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताच्या सुजेनं आजारी पडल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वनस्पतीची ओळख पटलेली नाही म्हणून. वाद आहे. पण वाद असताना बाईनं काय करायचं? कावीळ होऊन गेली असेल, आमवातासारखा शरीर स्वतःवर उलटण्याचा आजार असेल, तर महिनोन् महिने काढा घेऊ नये, आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी थांबवावं. धोत्रा तर सरळ विषारी आहे. स्तनाला गाठ आली, सूज आली म्हणून धोत्र्याचं पान बांधतात आणि तिथंच बाळाचं तोंड लागतं. तसं अजिबात करू नका. हळद घ्यायची तर अख्खी हळकुंडं घेऊन दळा. बाजारात रंग चढवण्यासाठी शिशाचं क्रोमेट मिसळल्याचं आढळलं आहे, आणि शिसं गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं.

चौथा आहे बिब्बा. दुखऱ्या जागेवर बिब्ब्याचा चटका देणाऱ्या बाया इथं बसलेल्या आहेत. बिब्ब्याचा उल्लेख आयुर्वेदात आहे, पण विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याशिवाय तो वापरायचा नाही असंही तिथंच सांगितलं आहे. त्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं, आणि काहींच्या अंगभर सूज पसरते. सूज उतरवायला लावायचं आणि सूज चढवून घ्यायची असा तो प्रकार. आणि ती गोडंबी, जी बाळंतिणीच्या लाडवात घालतो, ती कोण काढतं? विदर्भ-मराठवाड्यात बिब्बे फोडण्याचं काम बहुतेक भूमिहीन बायाच करतात. त्यांचे हात काळे पडतात, चेहऱ्यावर डाग येतात, डोळे चुरचुरतात. लाडू खाणारी बाई आणि बिब्बा फोडणारी बाई, दोघींचं आरोग्य हा आपलाच विषय आहे. हातमोजे, यंत्र, मजुरीचा रास्त दर या मागण्या आपल्या यादीत हव्यात.

आणि पाचवी, जी बोलायला आपण सगळ्यात जास्त लाजतो. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं. ही पुष्कळदा आतल्या सुजेची खूण असते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्यांनी काय केलं असेल? कुणी काढा घेतला, कुणी काही आत ठेवलं, बहुतेकींनी सोसलं. मैत्रिणींनो, योनिमार्गात कुठलाही पाला, तुरटी, चूर्ण ठेवू नका. संसर्ग असेल तर जंतुनाशक गोळ्या लागतात, आणि पुष्कळदा नवऱ्यालाही लागतात. तो दवाखान्यात येत नसेल तर ती तुमच्या एकटीची लाज नाही.

न बघितलेल्या सुजेचा शेवट कुठे होतो ते बीड जिल्ह्यानं दाखवलं. २०१९ मध्ये शासनानं नेमलेल्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे दर सहाजणींत एक. आधी कुणी साधी तपासणी केली नाही, साध्या गोळ्या दिल्या नाहीत. नंतर एकदम पिशवीच काढली. पाला आणि ऑपरेशन, या दोन टोकांच्या मध्ये जे सरकारी दवाखान्यात मिळायला हवं होतं, तेच मिळालं नाही.

म्हणून बाई पाला का बांधते, याचं उत्तर नुसत्या श्रद्धेत शोधू नका. पाला फुकट असतो. त्यासाठी मजुरी बुडत नाही. कुणाची परवानगी लागत नाही. आणि पाला बांधणारी आजी ओरडत नाही. दवाखान्यात यातलं एकही सांगता येत नाही. आणखी एक बघा. पूर्वी पायाला निर्गुडी बांधली की आजी तीन दिवस जमिनीवर पाय टेकू द्यायची नाही. आता पाला बांधतो आणि सोयाबीन सोंगायला जातो. उपचाराचा अर्धा भाग विसावा होता, तो आपण सोडून दिला, कारण तो आपल्याला परवडत नाही.

नोंदवहीत नाव कुणाचं?

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला एक समिती आणि एक लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. गावात कुठल्या वनस्पती आहेत, त्यांचा काय उपयोग आहे, हे त्यात लिहायचं. २००४ च्या नियमांत समितीत एक-तृतीयांश तरी स्त्रिया असाव्यात असं होतं. इथं बसलेल्यांपैकी किती जणींनी आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही पाहिली आहे? सकाळी विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. म्हणजे वही असेल तर ती आपल्याला न विचारता लिहिली गेली आहे.

याच कायद्यात असंही होतं की वनस्पतींचा व्यापारी वापर करणाऱ्यांनी फायद्यातला रास्त वाटा स्थानिक लोकांना द्यावा. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निकाल दिला की हे देशी कंपन्यांनाही लागू आहे. पण २०२३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि ग्रंथांत लिहिलेल्या पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना या वाट्यातून सूट मिळाली. आता गंमत बघा. परदेशी पेटंटविरुद्ध लढताना 'हे आमच्या ग्रंथांत लिहिलं आहे' हीच आपली ढाल होती. आता फायद्याचा वाटा मागायला गेलो तर तेच वाक्य आपल्याला अडवतं. लिहिलं नाही तर पुरावा नाही, आणि ग्रंथात लिहिलं आहे तर वाटा नाही. दोन्ही वेळा डिंक गोळा करणारी बाई बाहेरच राहते.

आपण काय करायचं?

शिबिरातून घरी जाताना चार कामं घेऊन जाऊ.

पहिलं, प्रत्येक गटानं आपापल्या गावातल्या जाणत्या बायांकडे बसावं. पाल्याचं स्थानिक नाव, झाड कुठे आहे, कुठला भाग, कसा, किती, कुणाला द्यायचा नाही, हे सगळं लिहावं. सांगणारीला विचारून, तिची संमती असेल तर तिच्या नावानिशी. फांदी वाळवून वहीत चिकटवा, कारण एकाच नावाची दोन झाडं असतात आणि त्यातूनच अपघात होतात.

दुसरं, ग्रामसभेत नोंदवही मागा. समितीत बाया कोण आहेत, त्यांची नावं विचारा. त्यांना बैठकीला बोलावतात का तेही विचारा.

तिसरं, तीन रकान्यांचा तक्ता करून आशाताईंच्या मदतीनं भिंतीवर लावा. घरी चालेल असं दुखणं, दोन दिवस वाट पाहावी असं दुखणं, आणि त्याच क्षणी दवाखाना. मुरगळलेला पाय पहिल्या रकान्यात. बाळंतिणीचा ताप, पिवळे डोळे, एक पाय अचानक सुजून पोटरी दुखणं, गरोदरपणात चेहरा आणि हात सुजणं, ही सगळी तिसऱ्यात. गरोदर बाईची ही सूज रक्तदाबाची असू शकते. त्यावर कुठलाच पाला नाही.

चौथं, प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांनी मिळून निवेदन द्या. स्त्रीरोग तपासणीचा ठरलेला दिवस, आडोसा असलेली खोली, बाई डॉक्टर किंवा निदान बाई परिचारिका सोबत, आणि वेदनाशामक व जंतुनाशक गोळ्यांचा पुरेसा साठा. निवेदनाची पोच घ्या, तारीख टाकून ठेवा आणि महिन्यानं परत जा.

आपल्या आजीनं आपल्याला पाला दिला तो प्रेमानं दिला आणि तिच्याजवळ जे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं. आपल्याजवळ आज त्याहून जास्त आहे. लिहिता येतं, विचारता येतं, कायदा वाचता येतो. तर आपल्या लेकीला आपण पालाही देऊ, त्याच्यामागचा हिशेबही देऊ, आणि तो पुरत नाही तेव्हा दवाखान्याचं उघडं दारही देऊ. ते दार अजून सगळीकडे उघडं नाही. ते उघडून घेण्यासाठीच आपण संघटना केली आहे.

दुपारच्या सत्रात नोंदींच्या वह्या वाटायच्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मागे बसू नका. सांगणाऱ्या तुम्हीच आहात, लिहायला आम्ही बसू.